देवाच्या खात्यावरची सुटी

आमच्या घरचे सगळे देव तिथी बघून येतात, कानबाई मात्र वार बघून येते. श्रावणात नागपंचमी होऊन गेली की पुढच्या रविवारी ती चौरंगावर बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. नोकरदारांची इतकी सोय बघणारी दुसरी देवी माझ्या तरी माहितीत नाही. सुरतेला लूमवर असलेले काका, चाकणला असलेला चुलतभाऊ, जळगावला शिकणारी मी, सगळ्यांना शनिवारची गाडी पकडता येते. सोमवारची एक रजा टाकली की झालं.

कानबाईच्या नैवेद्याला रोट लागतात, जाड गोड पोळ्या. त्यांच्यासाठी आजी गहू मोजते. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. काकांच्या दुपट्यातल्या पोराचीही मूठ पडते, माझी पडत नाही. आठवीत असताना मी यावरून बरंच भांडले होते. आजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचं नाव घेतलं.

हा हिशोब मला अजूनही पटलेला नाही. तरी मी दरवर्षी जाते, आणि ते रोट आणि गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीसाठी नाही (थोडंफार त्यासाठीही). मी जाते रविवारच्या रात्रीसाठी. आरती होते, पुरुष मंडळी ओट्यावर जाऊन लवंडतात आणि आतल्या खोलीत कानबाईसमोर बायकांचा जागर सुरू होतो. गाणी निम्मी, गप्पा निम्म्या. नथ घातलेलं, नटवलेलं ते नारळ, म्हणजेच कानबाई, समोर आणि त्याच्यापुढे माझी आई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेली. एरवी आई पाय लांब करून बसली आहे असं चित्र मला आठवतच नाही. बसलीच तर पुढ्यात निवडायला काहीतरी असतं, मेथी नाहीतर तांदूळ. त्या रात्री तिचे हात रिकामे असतात. जाऊबाईंच्या कुठल्याशा गोष्टीवर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते आणि कुणी तिला ‘उठ, चहा टाक’ म्हणत नाही. म्हणणार कसं, देवीपुढे बसली आहे ना!

देव आहे की नाही, यावर माझं मत सेमिस्टरप्रमाणे बदलतं. पण देवाच्या नावाने मिळणारी सुटी खरी असते, याबद्दल मला शंका नाही. गावाकडच्या बायकांच्या रजा अशाच देवाच्या खात्यावर पडलेल्या असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेर आणि झोका. वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा, बोरी नदीच्या पात्रात बांगड्यांच्या दुकानांपुढून रमतगमत फिरायचं. मंगळवारी तिथल्याच देवळात मंगळग्रहाचं दर्शन. दर्शनाला पाच मिनिटं, आणि जाणं-येणं, रांगेत मैत्रीण भेटणं, प्रसादाचं दुकान हे सगळं मिळून अर्धा दिवस. विचारलं तर उत्तर तयार, ‘देवाला गेलो होतो.’

पुरुषांना असं निमित्त लागत नाही. हिवाळा लागला की भरीत पार्टी ठरते. बामणोदची हिरवी-पांढरी वांगी आणायची, शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यावर भाजायची, सोलून लाकडी बडगीत ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. या वांग्याला आता जीआय मानांकन आहे, मिरवावं असंच ते भरीत लागतं. पण त्या पार्टीत देव कुठे असतो? ‘चल भो, आज शेतात भरीत’ एवढंच पुरतं. घरी बायका मात्र चंपाषष्ठीला खंडोबाचा नैवेद्य म्हणून भरीत करतात आणि रोडगे थापतात. वांगं तेच, पण एकाला परवानगी लागते आणि एकाला नाही.

जळगावात आल्यावर पहिली गंमत ही वाटली की इथे नुसतं बसलेलं चालतं. कॉलेज सुटल्यावर आम्ही चौघी टपरीवर चहाच्या एका ग्लासावर तासभर काढतो, कुणी काही विचारत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा सगळं शहर दिवसभर दारं लावून पडलेलं असतं आणि अंधार पडला की आइस्क्रीमच्या गाड्यांभोवती गोळा होतं. बायका, पोरं, आज्या, सगळे. कुणाच्या हातात पूजेचं ताट नसतं. मला हे फार आवडतं. फक्त इथली फुरसत आपली आपण ठरवावी लागते, ग्रुपवर विचारावं लागतं आणि चौघींपैकी एकीचं ऐनवेळी काहीतरी निघतंच. कानबाईचं कधी ऐनवेळी काही निघत नाही.

अर्थात शहरही देवाला अगदीच सोडून नाही. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावात श्रीरामाचा रथ निघतो, 1872 पासूनचा. मी पहिल्यांदा पाहायला गेले तेव्हा रामापेक्षा मोगरीवाल्यांकडेच बघत राहिले. एवढा उंच रथ, त्याला ना ब्रेक ना स्टिअरिंग. ही माणसं चाकाशेजारून चालतात आणि नेमक्या क्षणी लाकडाची मोगरी चाकाखाली सरकवतात, रथ तेवढा वळतो किंवा थांबतो. भिलपुऱ्यात तो लालशाबाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो, तिथे चादर चढवली जाते आणि मग पुढे निघतो. आमच्या वर्गातली जी पोरं कॉलेजशेजारच्या मारुतीलाही हात जोडत नाहीत, ती त्या गर्दीत दोर ओढत होती. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, ‘मजा येते.’ मला उत्तर प्रामाणिक वाटलं.

बहिणाबाई चौधरी याच शहरातल्या. माझ्या पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव येईल, ते 2018 पासून त्यांच्याच नावाने आहे. त्यांनाही गाणी सुचली ती जात्यावर आणि शेतात, हात कामात असताना. नुसत्या निवांत बसल्या असत्या तर काय सुचलं असतं कोण जाणे.

मागच्या महिन्यात आई डोळे दाखवायला जळगावला आली होती. मुक्काम मावशीकडे होता. दवाखान्यातून संध्याकाळी लवकर सुटलो म्हणून मी तिला मेहरूण तलावावर नेलं. कट्ट्यावर बसवलं. पाणी, वारा, फेऱ्या मारणारी माणसं, सगळं दाखवून झालं. दोन मिनिटांत तिची चुळबुळ सुरू. पिशवी या हातातून त्या हातात. डोळ्यांच्या थेंबांची बाटली काढून पुन्हा आत. शेवटी म्हणाली, “आठे बशीसन काय करानं?” इथे काही करायचं नसतं, नुसतं बसायचं असतं, हे तिला सांगणं मला जमेना. मावशीकडे जाऊन पोळ्या तरी लाटू म्हणाली.

मग माझ्या लक्षात आलं, सकाळपासून तिने फक्त शेंगदाणे आणि केळी खाल्ली होती. “आई, आज चतुर्थी ना? चंद्र निघाल्याशिवाय तर सुटायची नाही.”

तिने क्षणभर विचार केला. हे बरोबर होतं. चंद्राची वाट बघणं हे काम होतं. तिने पिशवी बाजूला ठेवली, चपला काढल्या, पाय कट्ट्यावर घेतले आणि विचारलं, ते लाल टी-शर्टवालं पोरगं मघापासून किती चकरा मारतंय गं? मग जाऊबाईंची गोष्ट निघाली, मग माझ्या रूममेटच्या लग्नाची. नऊच्या पुढे झाडांमागून चंद्र आला, चांगला पिवळाधमक. मी दाखवला, तिने हात जोडले. तेवढ्यात मावशीचा फोन वाजला, पानं घ्यायची का विचारायला. आईने चंद्राकडे बघत तिला सांगितलं, “नही वं, आजून निघनाच नही.”