सोनाराच्या काट्यावर विमान

चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून मालवणातलं ओळखीचं मंगल कार्यालय दुपारचं रिकामं मिळतं. तिथे मी नि भाचा पिळलेल्या रबराच्या जोरावर उडणारं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान उडवतो. पंख ४५ सेंमी लांब, १० सेंमी रुंद. प्रोपेलर बदलायचा होता, पण त्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो किती पुढे सरकेल ते अंतर, ठरवायला आधी वेग हवा.

गणित मांडलं. समपातळीत उडताना पंखांची उचल वजनाइतकी असते. म्हणजे न्यूटनमधलं वजन दुप्पट करायचं, हवेची घनता, पंखाचं क्षेत्रफळ आणि उचलीचा गुणांक यांच्या गुणाकाराने भागायचं, नि वर्गमूळ काढायचं. घनता १.१६ किलो प्रति घनमीटर धरली; गुणांक, म्हणजे पंख किती उचल देतो त्याचा आकडा, अंदाजे ०.८. वजन ६ ग्रॅम, मे महिन्यात मोजलेलं. वेग आला सेकंदाला १.६८ मीटर.

लाद्या दोन फुटी, मोजपट्टी आयतीच. वीस लाद्या पार करायला विमानाला ५ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला २.४ मीटर! उलट दिशेने सोडलं तर ९ सेकंद. मी स्टॉपवॉचला शिव्या घालत होतो.

"मामानू, वरची खिडकी उघडी आसा."

उदबत्ती लावली. धूर सरळ माडांकडे चालला होता. समुद्रावरचा वारा! माणसाला जाणवतही नाही, पण एवढ्या हळू विमानाला तो पुरे.

खिडकी लावली, आणि सरळ रेषेचा नादही सोडला. सुकाणू जरा वळवून गोल फिरवलं. भाचा जमिनीवर पालथा पडून लाद्या मोजत होता: व्यास सात लाद्या, म्हणजे ४.२७ मीटर. पाच फेऱ्यांना ३७ सेकंद. वेग १.८१.

तरी गणिताशी जमेना. शेवटी विमान डब्यात घालून सोनाराकडे नेलं. तो आधी हसला, मग काट्यावरचा पंखा बंद केला. ७.२ ग्रॅम! मे महिन्यात मी रबर न लावताच वजन केलं होतं. रबर काढून ठेवलं तरी ६.३ भरलं, दोनदा जोडलेल्या शेपटीचा डिंक, नि पावसाळी दमट हवेत पंखांवरचा टिश्यू कागदही पाणी पितो.

नव्या वजनाने उत्तर १.८४. फार मिरवायला नको, कारण गुणांक १ धरला असता तर १.६४ आलं असतं. मी मोजलेला १.८१च वहीत लिहिला. बंद सभागृहातल्या स्पर्धेतली एफ-१-डी गटाची रबरी विमानं रबराशिवाय जेमतेम १.४ ग्रॅमची असतात, ती आपल्या चालीपेक्षाही हळू उडतात. भाच्याला आता तसलं हवंय.