तुम्ही विचारलंत म्हणून : आमचा दोघांचाही रक्तगट ‘बी’ होता

माझ्या मुलीला ती पोटात असतानाच दोन वेळा रक्त द्यावे लागले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांपैकी बहुतेकांनी मला कधी ना कधी विचारले आहे : “लग्नाआधी तुम्ही रक्तगट पाहिले नव्हते का?” विचारणाऱ्यांत काळजी करणारे असतात, स्वतःचे लग्न ठरवण्याच्या बेतात असलेले असतात आणि प्रश्नातच निकाल देऊन मोकळे होणारेही असतात. आजवर मी “पाहिले होते” एवढेच म्हणून विषय बदलत आले. ते उत्तर खरे आहे. मात्र ते पुरे नाही, हे कबूल करायला मला दहा वर्षे लागली.

आम्ही पाहिले होते ते इतकेच, की माझा रक्तगट बी आणि नवऱ्याचाही बी. लग्न ठरले तेव्हा आत्याने मला बाजूला घेऊन सांगितले होते, “अगं, नवराबायकोचा रक्तगट एकच असला तर मुलांना त्रास होतो म्हणतात.” मी तिला तिथल्या तिथे गप्प केले. “आत्या, रक्तगट बघून का कुणी लग्न करतं?” हे माझे शब्द. ते मी आजही मागे घेणार नाही. पतिपत्नीचा रक्तगट एकच असल्याने गर्भाला कोणताही धोका नसतो. आईचा गट ओ आणि बाळाचा ए किंवा बी असेल तर बाळाला जन्मानंतर कावीळ होऊ शकते, पहिल्या बाळालाही होऊ शकते, पण ती बहुधा सौम्य असते आणि निळ्या प्रकाशाखाली ठेवल्यावर उतरते. एवढ्यावरून लग्न मोडायला निघालेल्यांना मी तेव्हाही विरोध केला असता आणि आताही करीन.

माझी चूक अक्षरात नव्हती, अक्षरापुढच्या चिन्हात होती. मी बी निगेटिव्ह होते आणि तो बी पॉझिटिव्ह. आई निगेटिव्ह आणि बाळ वडिलांसारखे पॉझिटिव्ह असेल तर आईचे शरीर बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते, आणि ती पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तपेशी मोडतात.

पहिल्या खेपेला अकराव्या आठवड्यात रक्तस्राव सुरू झाला. सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी क्युरेटिंग झाले, म्हणजे गर्भपिशवी साफ केली, आणि संध्याकाळी आम्ही घरी आलो. दाखल होताना एक अर्ज भरायचा होता, तो मीच भरला. नवरा पैसे भरायला गेला होता आणि हाताला काहीतरी काम असावे असे मला वाटत होते. त्यानंतर सव्वा वर्षाने मी पुन्हा गरोदर राहिले, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, आणि पहिल्याच तपासण्यांत इंडिरेक्ट कूम्ब्स म्हणजे आयसीटी, आईच्या रक्तातली ही प्रतिपिंडे शोधणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली. टायटर, म्हणजे त्या प्रतिपिंडांचे प्रमाण, एकास आठ होते. डॉक्टरांनी अहवाल खाली ठेवून शांतपणे विचारले, “मागच्या वेळी अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं होतं ना?” ही प्रतिपिंडे तयारच होऊ नयेत म्हणून ते देतात. मी म्हणाले, “हो, दिलं असणार.” माझ्या आवाजातली खात्री मला अजून ऐकू येते.

घरी येऊन मी जुनी फाइल काढली. डिस्चार्ज कार्डावर प्रतिजैविक होते, लोहाच्या गोळ्या होत्या, दहाव्या दिवशी तपासणीला येण्याची सूचना होती. अँटी-डी नव्हते. मी कागद उलटसुलट केले, बिलावर शोधले, औषधांच्या पावत्या तारखेप्रमाणे लावून पाहिल्या, कारण कुठेतरी ते दोन शब्द सापडतील आणि आजचा अहवाल चुकीचा ठरेल अशी वेडी आशा होती. शेवटी दाखल होतानाचा अर्ज हाती आला. माझ्या रक्तगटापुढे माझ्या अक्षरात ‘बी निगेटिव्ह’ होते. पतीच्या रक्तगटापुढे, माझ्याच अक्षरात, नुसते ‘बी’ होते.

त्या एका अक्षराकडे मी किती वेळ पाहत बसले होते ते मला सांगता येणार नाही. दिवा लावायचे राहून गेले होते. नवरा कामावरून आला तेव्हा मी काही न बोलता कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तो वाचला आणि म्हणाला, “पण तुझा निगेटिव्ह आहे हे तर लिहिलंय ना? मग त्यांनी विचारायला नको होतं?”

त्याचे म्हणणे बरोबर होते. पतीचा गट नक्की ठाऊक नसेल तर तो पॉझिटिव्ह असू शकतो असे धरून चालायचे, हा साधा नियम आहे, आणि तो पाळण्याची जबाबदारी रक्तस्राव होत असलेल्या बाईवर नव्हती. हे मी अनेक वर्षे तावातावाने सांगितले. पण त्याच माझ्याजवळ रक्तदात्याचे कार्ड होते आणि निगेटिव्ह रक्त दुर्मीळ म्हणून मला त्याचा थोडा अभिमानही होता. त्या चिन्हाचा माझ्या बाळंतपणाशी काय संबंध, हे मी कधीच विचारले नव्हते. आत्याला खोडून काढले की विषय संपला, असे मी धरले होते.

पुढे मी मिळेल ते वाचले. ए, बी, ओ ही अक्षरे कार्ल लँडस्टायनर यांच्यामुळे १९०१ मध्ये कळली, आणि हे चिन्ह सुमारे चाळीस वर्षांनी आले. १९३९ मध्ये लेव्हिन आणि स्टेट्सन यांनी एका बाईची नोंद प्रसिद्ध केली : तिचे बाळ पोटातच गेले होते, तिला नवऱ्याचे रक्त दिले, आणि अक्षराच्या हिशेबाने ते चालणारे असूनही तिच्या शरीराने ते झिडकारले. ती नोंद वाचताना मला आमचा अर्ज दिसत होता. १९६८ पासून अँटी-डी वापरात आहे. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात आल्या तर तिच्या शरीराने त्यांची ओळख धरण्याआधीच हे इंजेक्शन त्यांचा निकाल लावते. एकदा ओळख धरली की त्याचा काही उपयोग नसतो. ते ७२ तासांत द्यावे असे म्हणतात. ही मुदत शरीराने ठरवलेली नाही. न्यूयॉर्कच्या सिंग सिंग तुरुंगातील कैद्यांवर झालेल्या चाचण्यांत संशोधकांना ज्या अंतराने आत जाता येत होते, त्यावरून ती पडली. उशीर झाला तरी दहा दिवसांपर्यंत ते दिल्यास काही संरक्षण मिळू शकते. दहाव्या दिवशी मी त्याच रुग्णालयात तपासणीला गेले होते.

इथे थांबता आले असते तर दोष कुणाचा हे ठरले असते. पण २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गर्भपाताविषयीच्या मार्गदर्शनात बारा आठवड्यांच्या आत अँटी-डी देऊ नये, अशी शिफारस केली. इतक्या लवकर आईच्या रक्तात येणाऱ्या बाळाच्या पेशी फार थोड्या असतात म्हणून. काही देशांत मात्र क्युरेटिंग झाले असेल तर ते अजूनही देतात. माझे अकरा आठवडे होते आणि क्युरेटिंग झाले होते. त्या दिवशी इंजेक्शन मिळाले असते तर पुढचे टळले असते का? पहिल्या खेपेला माझी आयसीटी झालीच नव्हती, त्यामुळे प्रतिपिंडे आधीपासून होती की काय, हेही आता कुणी सांगू शकत नाही. ज्यांच्यावर मी इतकी रागावले त्यांना आजच्या नियमांचा आधार मिळेल की काय, या विचारानेही मला राग येतो.

दुसऱ्या खेपेचे थोडक्यात सांगते. चोविसाव्या आठवड्यात टायटर एकास चौसष्ट झाले. मग दर आठवड्याला डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, करून बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजत. बाळाच्या अंगात रक्त कमी असले की तो वाढतो. एकोणतिसाव्या आठवड्यात तो अपेक्षेच्या दीडपटीच्या वर गेला, आणि माझ्या पोटातून सुई घालून तिच्या नाळेतील शिरेत रक्त दिले. निगेटिव्ह रक्त, माझ्याशी जुळवून घेतलेले. तीन आठवड्यांनी पुन्हा दिले. पस्तिसाव्या आठवड्यात ती जन्मली, काही दिवस निळ्या दिव्याखाली राहिली, आणि दीड महिन्याची असताना तिला आणखी एकदा रक्त लागले. आता ती दहा वर्षांची आहे. तिचा रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे आणि तो मी प्रत्येक अर्जावर पूर्ण लिहिते.

लग्न ठरलेल्यांना माझे उत्तर असे : गट पाहा, दोघांचेही, चिन्हासकट, आणि मग निश्चिंतपणे लग्न करा. मी त्याच माणसाशी पुन्हा लग्न केले असते. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर इंजेक्शनाशिवाय, पूर्ण दिवसांच्या बाळंतपणानंतर सुमारे १६ टक्के स्त्रियांत प्रतिपिंडे तयार होत. अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर इंजेक्शन दिले तर ते प्रमाण एक टक्क्याच्याही बरेच खाली येते. निकाल देण्यासाठी विचारणाऱ्यांना माझ्याजवळ उत्तर नाही.

आत्या त्या नऊ महिन्यांत तीनदा येऊन राहिली. माझे पाय चेपले, अहवाल नीट लावून ठेवले, पण आपण काय म्हणालो होतो याची आठवण तिने एकदाही काढली नाही. काढली असती तर बी आणि बी असण्यात काहीही चूक नव्हती, हेच मी तिला पुन्हा सांगितले असते, आणि तिने ते ऐकून घेतले असते.