नागपूर ते भोपाळ, सोबत बारा बोअर

नागपूरहून भोपाळला जाणारा रस्ता सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल, इटारसी आणि नर्मदापुरम असा जातो. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचे हे अंतर पहाटे निघालेला माणूस वाटेत जेवण आणि चहा उरकूनही दिवेलागणीच्या आत सहज कापतो. माझी तयारी मात्र निघण्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती, कारण या वेळी गाडीत माझी बारा बोअरची दुनळी बंदूक असणार होती. भोपाळच्या बाहेर मध्य प्रदेश राज्य नेमबाजी अकादमीचा मोठा परिसर आहे. २०२३ च्या मार्चमध्ये रायफल आणि पिस्तूल नेमबाजीची विश्वचषक स्पर्धा तिथेच झाली होती. तिथल्या शॉटगन रेंजवर ट्रॅपच्या, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्यांवर नेम धरण्याच्या, एका स्पर्धेत मला उतरायचे होते, आणि स्वतःच्या बंदुकीशिवाय ट्रॅपला उतरण्यात काही अर्थ नसतो.

परवाना खिशात असला की बंदूक घेऊन देशात कुठेही जाता येते, असा समज नागपुरातल्या चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांतही आढळतो. याच्या अगदी उलट, राज्य बदलले की शस्त्रांचा कायदाच बदलतो, असे मानणारेही भेटतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय राज्यघटनेच्या संघसूचीत आहे. त्यामुळे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम जसे नागपूरला लागू आहेत, तसेच ते बैतूललाही आहेत. सीमेवर कायदा बदलत नाही, परवाना संपतो. परवान्यावर धारकाचे नाव आणि छायाचित्र असते, शस्त्राचा प्रकार आणि क्रमांक असतो, जवळ बाळगता येणाऱ्या काडतुसांची मर्यादा असते, आणि ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही असा आणखी एक रकाना असतो: हा परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे. माझ्या परवान्यावर तिथे ‘महाराष्ट्र राज्य’ एवढेच लिहिलेले होते. म्हणजे सावनेरच्या पुढे राज्याची हद्द ओलांडताच माझी बंदूक तीच राहणार, मीही तोच राहणार, पण तिला कायदेशीर आधार उरणार नव्हता. परवान्याच्या अटीचा भंग झाल्यास कलम ३० प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय बंदूक जप्त होते आणि परवानाच रद्द होण्याची वेळ येते, ते वेगळेच.

नागपूरकराला या सीमेची थोडी गंमतही वाटते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती, आणि बैतूल व छिंदवाडा हे जिल्हे याच राजधानीतून चालत असत. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानी भोपाळला हलली. आज एका जुन्या राजधानीतून तिच्या जागी आलेल्या राजधानीकडे जाताना पांढुर्ण्यापर्यंत दुकानांत मराठी ऐकू येते, संत्र्याच्या बागाही तशाच दिसत राहतात, आणि आपण दुसऱ्या राज्यात आलो आहोत हे मुख्यत्वे पाट्यांवरून कळते. परवान्याला मात्र ही जवळीक कळत नाही.

क्षेत्र वाढवून घेण्याची वाट कायद्यातच आहे. कलम १७ प्रमाणे परवाना देणारा अधिकारी धारकाच्या अर्जावरून परवान्याच्या अटींत बदल करू शकतो. नागपूर शहरात हा अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त, आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी. मी अर्जासोबत स्पर्धेची प्रवेशिका, नेमबाजी संघटनेचे सदस्यत्व, आधीच्या स्पर्धांची प्रमाणपत्रे आणि परवान्याची प्रत जोडली. संपूर्ण भारतासाठीची वैधता हवी असेल तर ती कशासाठी हवी, याचे ठोस उत्तर द्यावे लागते. ‘कधीतरी लागेल’ हे उत्तर चालत नाही, आणि माझ्या मते ते चालूही नये. नेमबाजाला हे उत्तर देणे सोपे जाते, कारण त्याच्या स्पर्धा कुठे आणि कधी आहेत हे आधीच जाहीर झालेले असते. अर्ज, पडताळणी, शेरे आणि मंजुरी या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून प्रवासाची तारीख ठरल्यावर अर्ज करण्याऐवजी स्पर्धेचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच तो करावा. परवान्यावर राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदणीचा विशिष्ट क्रमांक, म्हणजे ज्याला सगळे यूआयएन म्हणतात तो, आहे की नाही हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

या काळात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माझ्या भाच्याशी फोनवर बोलणे झाले. तिथे गाडे बरोबर उलटे आहे. शस्त्र बाळगण्याचे नियम प्रत्येक राज्य स्वतः करते, आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्याने मानायचा की नाही हेही ते राज्यच ठरवते. पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेला माणूस पूल ओलांडून न्यू जर्सीत गेला की तो परवाना तिथे मानला जात नाही. अशा राज्यातून केवळ पुढे जायचे असेल तर १९८६ च्या एका संघीय कायद्याने प्रवाशाला संरक्षण दिले आहे. त्यासाठी निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी ते शस्त्र बाळगणे कायदेशीर असले पाहिजे, शस्त्रात गोळी नसली पाहिजे, आणि शस्त्र व गोळ्या गाडीत बसलेल्यांच्या हाताशी नसल्या पाहिजेत. गाडीला वेगळी डिकी नसेल तर ती कुलूपबंद पेटीत हवी, आणि पुढचा डॅशबोर्डचा खण त्यासाठी चालत नाही. भाचा म्हणाला, ‘मामा, इथे निघण्याआधी नकाशा उघडून प्रत्येक राज्य तपासावं लागतं.’ आपल्याकडे पन्नास कायदे वाचावे लागत नाहीत, एक रकाना वाचावा लागतो. तरीही तो वाचला जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

मंजुरी मिळून परवान्यावर संपूर्ण भारताची नोंद झाल्यावर आम्ही निघालो. गाडी मेहुणे चालवत होते, पत्नी सोबत होती. बंदूक सुटी करून तिच्या पेटीत कुलूपबंद ठेवली होती आणि काडतुसे वेगळ्या डब्यात होती. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र कसे न्यावे हे २०१६ च्या नियमांत सांगितलेले आहे. ते पूर्ण झाकलेले असावे, त्या प्रकारच्या शस्त्रासाठी बनवलेल्या पेटीत किंवा आवरणात असावे, आणि नेणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. यातला ताब्याचा मुद्दा प्रवासात सर्वांत जास्त जाणवतो. धारकाच्या उपस्थितीत दुसऱ्याने शस्त्र उचलले तर चालते. उपस्थिती नसेल तर धारकाचे लेखी अधिकारपत्र लागते, आणि तेही दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा धारकाच्या स्वतःच्या वापरासाठी शस्त्र नेण्यापुरतेच. वाटेत माझी तब्येत बिघडली तर मेहुण्यांची अडचण होऊ नये म्हणून, बंदूक माझ्या वापरासाठी भोपाळच्या रेंजवर नेण्याचे अधिकारपत्र मी लिहून ठेवले होते. ते वापरावे लागले नाही.

सावनेर मागे पडले आणि राज्याची सीमा कधी आली हे चटकन कळलेही नाही. पांढुर्ण्यात चहा घेतला. २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेल्या या गावाचे नाव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेमुळे, विदर्भात सर्वांना माहीत आहे. तो दिवस असता तर मी या गावातून बंदूक घेऊन गेलोच नसतो. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थेचा परिसर या ठिकाणी शस्त्र नेऊ नये, अशी अट परवान्यातच असते, आणि संपूर्ण भारताची वैधता मिळाली म्हणून ती सुटत नाही.

मुलताईला त्याचा प्रत्यय आला. तापीचा उगम इथला मानतात. तापी कुंडाच्या काठी मंदिरे आहेत आणि त्या दिवशी चांगलीच गर्दी होती. पेटी घेऊन गर्दीत जाणे शक्य नव्हते आणि बंदूक गाडीत टाकून सगळ्यांनी निघून जाणेही शक्य नव्हते. पत्नी आणि मेहुणे दर्शनाला गेले, मी गाडीत बसून राहिलो. प्रसाद मात्र माझ्यापर्यंत आला.

बैतूलच्या अलीकडे नाकाबंदी होती. हवालदाराने डिकी उघडायला लावली आणि लांबट पेटी पाहून विचारले, ‘इसमें क्या है?’ मी बंदूक असल्याचे सांगून मूळ परवाना पुढे केला. शस्त्र बाळगणाऱ्याकडे परवाना मागण्याचा अधिकार कलम १९ ने पोलिसांना दिला आहे, आणि परवाना दाखवता आला नाही तर शस्त्र ताब्यात घेता येते. म्हणून छायाप्रत किंवा मोबाइलमधला फोटो यांवर विसंबू नये. त्याने बंदुकीवरचा क्रमांक परवान्याशी ताडून पाहिला, काडतुसे मोजली, क्षेत्राच्या नोंदीवर बोट ठेवून ती वाचली, स्पर्धेचे पत्र पाहिले आणि आम्हाला जाऊ दिले. यात नाट्य काहीच घडले नाही. कागद नीट असले की ही तपासणी इतकी रुक्ष असते, आणि ती तशीच असावी.

बैतूलला साडूंच्या पुतणीचे लग्न होते आणि आमचा मुक्कामही त्यांच्याकडेच होता. पेटी पाहताच घरातली पोरे गोळा झाली. ‘काका, वरातीत एकच बार काढा ना, इकडे सगळेच काढतात,’ असा हट्ट सुरू झाला. पोरांचे एक वेळ समजू शकते, पण साडूही म्हणाले, ‘अहो, तुमच्याकडे परवाना आहे ना, मग अडचण कोणती?’ उत्तर भारतात लग्नात गोळी उडवण्याची ही जी रीत आहे, तिच्यात दरवर्षी माणसे मरतात, आणि मरणारे अनेकदा पाहुणे किंवा गच्चीवरून वरात पाहणारी मुले असतात. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेपर्वाईच्या गोळीबारासाठी कलम २५ मध्ये स्वतंत्र तरतूद केली आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, वरातीत ते चालवण्याचा नसतो, हे मी साडूंना समजावून सांगितले. ते थोडे नाराज झाले, पण पुढे त्यांनीच पोरांना दटावले. मी वरातीला गेलो नाही. घरच्या एका खोलीत पेटीजवळ बसलो आणि वाजंत्री दूर गेल्यावर ताट मागवून जेवलो. लग्नघरातल्या बायकांना माझे हे बसणे फारच विचित्र वाटले असावे.

दुसऱ्या दिवशी बैतूलच्या पुढे घाट आणि सागाचे जंगल लागले. इथे मेहुण्यांनी परतीच्या वाटेवर पचमढी करू या, असा बेत मांडला. जुन्या मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी असलेली पचमढी त्यांनी पाहिलेली नव्हती, आणि इटारसी-पिपरियामार्गे ती फार दूरही नाही. पण पचमढीभोवती सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कलम ३१ असे सांगते की मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या पूर्व लेखी परवानगीशिवाय कोणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करू नये. राष्ट्रीय उद्यानांनाही हीच तरतूद लागू होते. शस्त्र परवाना संपूर्ण भारताचा आहे, हे उत्तर वनरक्षकापुढे टिकत नाही. पेंच, ताडोबा आणि मेळघाट यांच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा वैदर्भीयांनी तर हे कलम आधी लक्षात ठेवायला हवे. आमच्याकडे शनिवार-रविवारी जंगलाकडे वळणाऱ्या गाड्या इतक्या असतात की रेंजवरून परस्पर सफारीला जाण्याचा विचार कोणाच्याही मनात येऊ शकतो.

एक गोष्ट मात्र जिल्ह्याजिल्ह्याला खरोखर बदलते, आणि ती म्हणजे मनाई आदेश. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे घेऊन फिरण्यास बंदी घालणारे आदेश सणासुदीला आणि आंदोलनांच्या काळात निघतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जिल्हादंडाधिकारीही असे आदेश काढतात. पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली होत असे. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांची शस्त्रे पोलिसांकडे जमा करून घेण्याचा निर्णय छाननी समिती घेते. निघण्यापूर्वी मी बैतूल, नर्मदापुरम आणि भोपाळ या तिन्ही जिल्ह्यांत असा आदेश नाही ना, याची चौकशी करून घेतली होती. विमानाने गेलो असतो तर वाटेतले जिल्हे टळले असते, पण तिथे गोळी काढलेली बंदूक काउंटरवर जाहीर करून, परवाना दाखवून सामानात द्यावी लागते, आणि पोहोचण्याच्या ठिकाणी परवाना वैध असण्याची अट कायमच राहते.

नर्मदेचा पूल ओलांडून आम्ही दुपारी भोपाळला पोहोचलो. हॉटेलला खोली घेतानाच शस्त्राबद्दल सांगून ठेवले होते. आधी विचारलेल्या एका हॉटेलने नकार दिला होता, आणि तो त्यांचा अधिकार आहे. रेंजवर परवान्याची नोंद झाली, बंदूक तपासली गेली, आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदाच पेटी उघडून ती जोडताना मला आजूबाजूला कोण पाहत आहे याची काळजी वाटली नाही. स्पर्धेतली माझी कामगिरी मध्यम होती. वाऱ्यावर हेलकावणारी मातीची तबकडी परवाना पाहत नाही.

परतीचा प्रवास सरळ नागपूरचा केला. पचमढीचा बेत हिवाळ्यावर ढकलला आहे. त्या वेळी बंदूक नागपुरातच परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीसाठी जमा करून त्याची पावती घेणार आहे. मुलताईचे राहिलेले दर्शन करण्यासाठी, थोडी वाट वाकडी करावी लागली तरी, मेहुण्यांनी जाताना तिकडूनच जायचे ठरवले आहे.