भोर घाटाचे रूळ मुंबईत अडकले तेव्हा

आम्ही तिघे मित्र मिळून कर्जत-खंडाळ्याच्या भोर घाटातल्या रेल्वेचं मॉडेल बांधतोय, एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकारात. जागा पुण्यातली, एकाच्या गच्चीवरची खोली. सांगाडा, प्लायवूड, वायरिंग भराभर उरकलं. मला लिहायचंय ते पार्सलबद्दल, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही.

लवचीक रूळ आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) इंग्लंडहून मागवले होते. पार्सल मुंबईत उतरलं आणि थांबलं. केवायसी मागितलं, दिलं. बिल मागितलं, तेही दिलं. त्यानंतर ट्रॅकिंगवर रोज तीच ओळ, ‘कागदपत्रांची प्रतीक्षा’. कोणती कागदपत्रं, हे कुरिअरवाले सांगेनात. फोन केला की, “सर, वरून क्लिअर झालेलं नाही.” कोण वर, ते विचारलं की फोन दुसऱ्याकडे. वर गोदामभाडं चालूच!

खूप पाठपुराव्यानंतर कळलं, की पाठवणाऱ्याने डबा ‘टॉय ट्रेन’ म्हणून जाहीर केला होता आणि आमच्याकडून आयएसआय प्रमाणपत्राची अपेक्षा होती. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे खरं, पण १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना. सीमाशुल्काच्या वर्गवारीत मात्र स्केल मॉडेल खेळण्यांच्याच शीर्षकाखाली, ९५०३ मध्ये येतात, आणि तिथला दर २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाला. शुल्क भरायला आम्ही पहिल्यापासून तयार होतो. शुल्क वेगळं आणि प्रमाणपत्र वेगळं, एवढं समोरच्याच्या गळी उतरवण्यात सगळा वेळ गेला.

शेवटी आमच्यातल्या एकाने झकास पत्र लिहिलं: माल स्वतःच्या वापरासाठी, विक्रीसाठी नाही, प्रत्येक नगाची किंमत, सोबत उत्पादकाच्या पानाची छापील प्रत, ‘१४+’ हे चिन्ह गोल करून. पार्सल सुटलं. त्या पत्राचा मला आजही अभिमान वाटतो. तुम्ही मागवणार असाल तर विक्रेत्याला आधीच सांगा, डब्यावर ‘प्रौढांसाठी स्केल मॉडेलचे सुटे भाग’ असंच लिही.

तोवर हात रिकामे म्हणून आम्ही डोंगर उभे केले: थर्माकोल, त्यावर पीओपीत भिजवलेलं कापड. थर्माकोलवर स्प्रेचा रंग मारू नका, थर्माकोल विरघळतो. सह्याद्रीचा कातळ काळा करायचा मोह होतो. त्याऐवजी करडा-तपकिरी रंग पातळ करून थरावर थर द्या.

रूळ आल्यावर चढ बसवला. खऱ्या घाटात तो १:३७ आहे, म्हणून बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. आम्हीही १:३७ च ठेवला. एका रुळावरून दुसरा न्यायला साडेसात सेंटीमीटर उंची हवी, म्हणजे पावणेतीन मीटर लांबी आधी मोजून ठेवा. १९२९ साली बंद झालेलं रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे जिथे गाडी दिशा उलटवून पुढचा चढ चढायची ते, आम्हाला हवंच होतं, पण जागा पुरली नाही.

आणि हो, पावसाळ्यात प्लाय फुगतं. त्याला चारही बाजूंनी व्हार्निश आधीच द्या. रुळांमधली खडी म्हणून दगडाच्या क्रशरची बारीक कच चाळून वापरली, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून चिकटवली. पसरण्याआधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवाच. बेसाल्टमध्ये लोहाचे कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटरकडे ओढले जातात.