तिसऱ्या मुलीची जन्मतारीख

ग्रामपंचायत निवडणुकीची छाननी होती आणि निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून मी सकाळपासून तहसील कार्यालयात बसले होते. दुपारनंतर महिलांसाठी राखीव असलेल्या जागेचा एक अर्ज हाती आला. उमेदवार महिलेने घोषणापत्रात तीन मुलींची नावे जन्मतारखांसह स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिली होती. कोणाचीही हरकत नव्हती.

१२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाल्यास ग्रामपंचायत सदस्यत्वाला अपात्रता येते. मात्र एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात जुळी झाली, तर ती एकच धरली जातात. त्या आशेने मी तारखा पुन्हा पाहिल्या. धाकट्या दोघींत तीन वर्षांचे अंतर होते.

"दुसरीच्याच वेळी ऑपरेशन करायचं होतं मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "घरचे म्हणाले, मुलगा होऊ दे."

२००३ साली सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील अशीच अट वैध ठरवली, हे मला माहीत होते, आणि पुढे हरियाणानेच ती मागे घेतली, हेही. आपल्याकडे ती कायम आहे. वास्तविक २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, १.७ आला, लोकसंख्या स्थिर राखण्यासाठी लागणाऱ्या २.१ पेक्षा कितीतरी खाली. एकीकडे आपण स्त्रियांना पंचायतीत निम्म्या जागा राखून ठेवतो आणि दुसरीकडे, किती मुले व्हावीत हे ठरवताना घरात जिचे कोणी ऐकले नाही, तिलाच त्या जागेवरून उठवतो, हा अन्याय मला त्या दिवशी टेबलाच्या अलीकडे बसून करावा लागला. अर्ज नामंजूर करण्यावाचून मला अधिकार नव्हता.

आदेश वाचून दाखवल्यावर तिचा नवरा दाराशी उभ्या असलेल्या लोकांकडे पाहू लागला. त्या जागेसाठी आता एकच अर्ज उरला होता. तिने मात्र आदेशाची नक्कल मागितली, पोच म्हणून पूर्ण नावानिशी सही केली आणि मग बाकावर झोपलेल्या धाकटीला उचलून खांद्यावर घेतले.