नावापुरतं कॅनॉट

पुतणी आयर्लंडमध्ये गॉलवेला शिकते. परवा दुपारी घरच्या ग्रुपवर तिचा फोटो आला. अंगात हिरवी जर्सी, मागे रग्बीचं मैदान आणि खाली एवढंच, 'कॅनॉटची मॅच बघायला आलेय.' पाचव्या मिनिटाला वहिनींचा फोन. "कॅनॉटला आलीये म्हणते, मग घरी का नाही आली?"

आमचं कॅनॉट म्हणजे औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिडकोतलं. मधे बाग, भोवती दुकानं, आणि संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळाली तर नशीबच म्हणायचं. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, कॅनॉट मात्र कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसचा थाट बघूनच कुणीतरी हे नाव इकडे उचलून आणलं असणार. दिल्लीनं ते कुठून आणलं, हे काही आपण विचारत बसत नाही. वहिनींची समजूत घातली, वामकुक्षी बुडालीच होती, म्हणून नकाशा उघडला.

आयर्लंडच्या जुन्या चार प्रांतांतला पश्चिमेचा प्रांत म्हणजे कॅनॉट. खडकाळ जमीन, दगडी बांध, पुढे अटलांटिक. सतराव्या शतकात इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या राजवटीनं कॅथलिक जमीनदारांना चांगल्या जमिनींवरून उठवून इकडे पिटाळलं. 'नरकात जा, नाहीतर कॅनॉटला' हे त्या काळाशी जोडलेलं वाक्य आयरिश माणसं अजून विसरलेली नाहीत. १८४१ मध्ये या प्रांतात १४ लाख माणसं होती. मग बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला, जहाजं भरभरून माणसं गेली. आज तिथे ६ लाखही नाहीत.

प्रांतात पाच परगणे. गॉलवे, स्लायगो, रॉसकॉमन, लीट्रिम. पाचवा मेयो.

मेयो म्हटल्यावर मी थेट नागपुरात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे असताना मामेभाऊ चिंचेच्या झाडावरून पडला आणि त्याचा हात कोपरात भलतीकडेच वळला. मामीनं त्याला सायकलरिक्षात घातलं, मला शेजारी कोंबलं आणि रिक्षावाल्याला एकच शब्द सांगितला, "मेयो!" कुठलं, कुणाचं, काही नाही. तो वाटभर ओरडत होता आणि मी, काय करावं ते न कळून, त्याच्या तोंडात संत्रागोळ्या भरत होतो. प्लॅस्टर घालून परत येताना त्याचा रुबाब असा होता की मलाही झाडावरून पडावंसं वाटू लागलं. सरकारी कागदावर त्या दवाखान्याला आता दुसरं नाव आहे, पण अख्खं नागपूर मेयोच म्हणतं.

मेयो हा व्हाइसरॉय. १८७२ मध्ये अंदमानात शेरअली आफ्रिदीनं त्याला भोसकून मारलं, एवढं शाळेत शिकलो होतो. तो आयरिश होता हे शिकलो असेन तरी राहिलं नाही. घराण्याचा किताब 'अर्ल ऑफ मेयो', पण राहायला किल्डेअरमध्ये, म्हणजे देशाच्या दुसऱ्या अंगाला. पुरलाही तिकडेच.

मग नादच लागला. भायखळ्याचा क्लेअर रोड आठवला. क्लेअर हाही आयर्लंडमधला परगणा, आणि अर्ल ऑफ क्लेअर १८३१ ते १८३५ मुंबईचा गव्हर्नर. याची हवेली शेजारच्या लिमरिक परगण्यात. हा कवी बायरनचा शाळेतला जिवलग. क्लेअर हे नाव कानावर पडलं की अजूनही काळीज धडधडतं, असं बायरननं लिहून ठेवलंय. १८२१ मध्ये इटलीत दोघांची अवचित गाठ पडली, भर रस्त्यात, जेमतेम पाच मिनिटं. पुढे त्या मित्राचाच भायखळ्यात रस्ता झाला. आता त्या रस्त्याला मिर्झा गालिबचं नाव आहे. कवीचा मित्र गेला आणि कवी आला, तक्रार कसली करणार!

राहिला कॅनॉटचा ड्यूक. हा तर व्हिक्टोरिया राणीचा तिसरा मुलगा, प्रिन्स आर्थर. १८८६ ते १८९० मुंबईच्या फौजेचा सेनापती, नंतर कॅनडाचा गव्हर्नर जनरल. कॅनडात त्याच्या नावाचा रेल्वेचा बोगदा आहे. पहिल्या महायुद्धात लंडनच्या कोबर्ग हॉटेलला आपलं जर्मन नाव जाचू लागलं, तेव्हा त्यानंही याचंच नाव घेतलं. गंमत म्हणजे ड्यूकचं घराणं कोबर्गच.

म्हणजे तिघांच्या नावात गाव, आणि घर भलतीकडे. आपल्याकडच्या 'कर' मंडळींसारखंच. माझ्या आडनावातलं गाव कोकणात आहे म्हणतात. खापरपणजोबांनंतर तिकडे कुणी फिरकलेलं नाही, पण लग्नाच्या बैठकीत 'मूळचे कुठले' विचारलं की आम्ही छाती पुढे काढून तेच सांगतो.

अमेरिकेत गेलेले आयरिश लोक गावाची नावं उराशी धरून गेले. आमच्या नात्यातली जी पोरं 'डब्लिनला असतो' म्हणतात, ती कॅलिफोर्नियातल्या डब्लिनला असतात. उत्तर आयर्लंडमध्ये एकाच शहराला डेरी म्हणायचं की लंडनडेरी, यावरून माणसाचा पक्ष ओळखतात. न्यू हॅम्पशरमध्ये ही दोन वेगळी गावं आहेत, शेजारी शेजारी. आपल्याकडे ही नावं आली ती साहेबाच्या किताबाला चिकटून.

सगळी मात्र तशी नव्हेत. कॅनॉट रेंजर्स नावाची आयरिश पलटण इंग्रजांच्या फौजेत होती. घरी आयर्लंडमध्ये आपल्या माणसांवर इंग्रजांचा जुलूम चाललाय, या संतापानं जून १९२० मध्ये जालंधरला तिच्या काही सैनिकांनी हत्यारं खाली ठेवली. ते लोण सोलनला पोचलं. तिथला म्होरक्या जेम्स डेली, विशीतला पोरगा. त्याचंही घर कॅनॉटबाहेर, वेस्टमीथमध्ये. मृत्युदंड अनेकांना सुनावला, अंमलात आला त्याच्या एकट्याच्या बाबतीत. २ नोव्हेंबर १९२० ला सोलनजवळच्या दगशाईच्या तुरुंगात त्याला गोळ्या घातल्या.

फेब्रुवारी १९२१ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट दिल्लीत आला, संसद भवनाची कोनशिला बसवली, आणि पुढे नव्या बाजाराला त्याचं नाव दिलं गेलं. डेलीचे अवशेष आयर्लंडला जायला १९७० उजाडलं. तोवर कॅनॉट प्लेसमधली दुकानं चांगली जुनी झाली होती.