पान सोडायच्या आधीची चौदा मिनिटं

27 जुलै 2024. पॅरिस ऑलिंपिकचा पहिलाच शनिवार आणि आमचं क्रीडा पान संध्याकाळीच फुल्ल. मनू भाकर अंतिम फेरीत, हॉकीत न्यूझीलंडवर 3-2 असा निसटता विजय, सात्त्विक-चिरागही जिंकलेले. रग्बी सेव्हन्सची, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीची फायनल आपल्या घड्याळानं रात्री अकरानंतर, म्हणजे बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती छापायला गेल्यावर. शहर आवृत्तीत तळाचा अँकर, म्हणजे पानाच्या तळाशी लागणाऱ्या मोठ्या बातमीची जागा, मोकळा ठेवावा, असा माझा हट्ट होता.

"रग्बी कोण वाचतं रे आपल्याकडे?" सर म्हणाले.

"रग्बी नाही सर, द्युपाँ."

आंत्वान द्युपाँ. पंधरा जणांच्या रग्बीतला फ्रान्सचा कर्णधार, स्क्रम-हाफ (घोळक्यातून चेंडू काढून पुढे देणारा), 2021 चा जगातला सर्वोत्तम खेळाडू. 2023 च्या घरच्या वर्ल्ड कपात नामिबियाविरुद्ध टक्कर झाली आणि गालाचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, महिना व्हायच्या आत हा गडी उपांत्यपूर्व फेरीत मैदानावर! दक्षिण आफ्रिकेकडून फ्रान्स 28-29 असा हरला. एका गुणानं. त्यानंतर यानं 2024 ची सिक्स नेशन्स, ही युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा, सोडून दिली आणि सात जणांच्या रग्बीत नवखा म्हणून उतरला. आपल्याकडे कसोटी कर्णधारानं असं काही केलं असतं, तर चॅनेलवाल्यांनी महिनाभर दळण दळलं असतं. मधल्या मे-जूनमध्ये तुलूझ या आपल्या क्लबकडून युरोपातल्या क्लबांचा चॅम्पियन्स कप आणि फ्रेंच लीगही जिंकून झाली होती.

सेव्हन्सचा सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. समोर फिजी, ऑलिंपिकमध्ये तोवर एकही सामना न हरलेला संघ, साखळीत फ्रान्सलाही हरवून आलेला. आणि द्युपाँ बाकावर! पहिला डाव 7-7. डिझायनर माझ्याकडे बघतोय, अँकरच्या जागी नुसती राखाडी चौकट.

मध्यंतरानंतर तो आला. आल्या आल्या डाव्या कडेनं चेंडू घेऊन असा सुटला की निम्मं मैदान मागे टाकलं, आणि अंगावर माणूस येताच चेंडू सहकाऱ्याला दिला. ट्राय, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळणारे गुण. मग शेवटाकडे त्याचे स्वतःचे दोन. 28-7. यजमानांचं या ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण.

सामना चालू असतानाच मी निम्मी कॉपी मारून ठेवली होती, बाकावरून सुरुवात करून. एजन्सीच्या बातमीत तो मुद्दा खाली कुठेतरी होता. माझ्या मते बातमी तीच होती. सरांनी मथळ्यातला एक शब्द तेवढा कापला आणि पान सोडलं.

दुसऱ्या दिवशी मनूचं कांस्य आलं. रग्बीचं नाव कुणी काढलं नाही, आणि पान लावायला मीच असतो तर मीही काढलं नसतं.